मांडव उतरवताना

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतला शेवटचा ट्रक पुढे सरकला की पुण्याच्या पेठांमध्ये मांडव उतरवायची घाई सुरू होते. रस्ता मोकळा करून द्यायचा असतो, कार्यकर्ते रात्र रात्र जागलेले असतात, आणि डेकोरेटरचा माल लगोलग नवरात्राच्या कामाला जायचा असतो. अशा वेळी हातात येते ती पहार आणि कटावणी. महिनाभर खपून उभा केलेला बुरूज बघता बघता आडवा होतो. प्लायचे तुकडे, खिळ्यांसकट मोडलेल्या पट्ट्या, फाटलेलं फ्लेक्स, पिना अडकलेलं कापड, सगळं एकाच ट्रॉलीत जातं. मी उत्सवाच्या मंचांकडे आलो तो नाटकाच्या नेपथ्यातून, आणि या कामात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे उतरवणं. नाटकात असं कोणी करत नाही. आज सेट मोडला, तर उद्याचा प्रयोग कशावर करणार?

मराठी व्यावसायिक नाटकाचा सेट हा फिरता संसार असतो. आज कोथरूडला, उद्या सांगलीला, परवा नाशिकला. बसच्या टपावर, नाहीतर मागच्या टेम्पोत फ्लॅट रचलेले असतात. नाट्यगृह ताब्यात मिळतं प्रयोगाच्या थोडा वेळ आधी. तेवढ्यात बैठकीची खोली, जिना, खिडकी उभी करायची आणि पडदा पडल्यावर तीच त्याहून कमी वेळात बसवर चढवायची. ही शिस्त जुनी आहे. संगीत नाटकांच्या काळात कंपनीकडे राजवाडा, जंगल, रस्ता, बाग असे रंगवलेले पडदे असत. नाटक बदललं तरी पडदे तेच. गुंडाळायचे, गाडीत घालायचे, पुढच्या गावी सोडायचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी असेच पडदे रंगवत होते. तळकोकणातल्या दशावताराने तर याहून कमीत भागवलं. एक पडदा आणि एक बाकडं. तेच बाकडं इंद्राचं सिंहासन होतं, तेच पर्वत होतं, आणि समोर बसलेल्या माणसाला त्यात काही उणं वाटत नाही.

मी शिकलो तो फ्लॅट असा. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेला मांजरपाट, त्यावर सरस आणि खडूच्या पावडरीचा हात. सरस वाळला की कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं आणि मग त्यावर रंग. प्रयोगानंतर दुसऱ्या नाटकाला तोच फ्लॅट पुन्हा रंगवायचा. थरावर थर चढत गेले की कापड जड होतं, रंगाला भेगा पडतात, पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा कापड उतरवून नवं ताणायचं, चौकट राहते. आमच्या वर्कशॉपमध्ये काही चौकटी माझ्याहून आधी कामाला लागलेल्या होत्या. त्यांच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या अक्षरांत नाटकांची नावं लिहिलेली असत. त्या वाचणं हेच माझं नेपथ्याच्या इतिहासाचं पहिलं पुस्तक.

23 मार्च 2018 रोजी राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्या वर्षी गणपती 13 सप्टेंबरला बसले. थर्माकोलच्या मखरांचं काम करणाऱ्यांनी उत्सवापुरती सवलत मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती. जुलैमध्ये ती मागणी फेटाळली गेली. ज्यांनी गरम तारेने थर्माकोल कापून त्याचे खांब, कमानी, मोर, महिरपी काढल्या, त्यांच्या हातातली कला मी जवळून पाहिलेली आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण त्या मालाचं पुढे काय होतं तेही पाहिलेलं आहे. थर्माकोलच्या घनफळात साधारण 98 टक्के हवाच असते. ट्रकभर गोळा केला तरी वजन भरत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. त्यात डिंक आणि रंग लागला की तो कशातच मिसळता येत नाही. तो मोडतो, त्याचे दाणे होतात, दाणे नाल्यात जातात आणि तसेच राहतात. बंदी योग्य होती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

पण बंदीनंतर जे झालं त्याने मी विचारात पडलो. थर्माकोल गेला आणि त्याच्या जागी प्लाय, पुठ्ठा, बांबू, सुतळी, गोणपाट आलं. ‘पर्यावरणपूरक’ असा फलक मांडवाला लागला. विसर्जनानंतर मात्र तेच प्लाय, तोच बांबू कटावणीने तोडून त्याच ट्रॉलीत गेला. चांगला चिवट बांबू, जो नीट वापरला तर कितीतरी उत्सव काढेल, तो दहा दिवसांत सरपण झाला. तेव्हापासून मी एका मताला धरून आहे. एखादी वस्तू पुन्हा वापरता येते की नाही, हे ती झाडापासून झाली की कारखान्यात झाली यावर ठरत नाही. ते सांध्यावर ठरतं. सांधा सुटत असेल तर लोखंडही वर्षानुवर्षं फिरतं. सांधा खिळ्याने ठोकलेला असेल तर सागवानही कचराच होतं.

माझ्या वाट्याला आलेलं काम बहुतेक जिवंत देखाव्यांचं. पुण्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की यात मूर्तीच्या शेजारी नाहीतर समोर मंच असतो आणि त्यावर माणसं प्रत्यक्ष प्रसंग करून दाखवतात. बहुधा शिवकाल, कधी संतचरित्र, कधी व्यसनमुक्ती किंवा पाण्याचा प्रश्न. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, कलाकार त्यावर हावभाव करतात. एक खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. तो संपला की समोरची गर्दी पुढे सरकते, नवी येते, आणि पुन्हा पहिल्यापासून. गौरी विसर्जनानंतर गर्दी वाढते आणि मंच संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत शांत होत नाही. कलाकार म्हणजे मंडळाचीच मुलं-मुली. त्यांना रंगमंचावर कसं चालायचं याची सवय नसते. ती धावतात, उड्या मारतात, जिंकल्यावर एकदम पाच-सहा जण हात उंचावून पाय आपटतात. नाटकाच्या सेटला असा मार कधी बसत नाही.

म्हणून मंच हलका हवा, पण कच्चा चालत नाही. जिथे लोक दाटीने उभे राहतात तिथे दर चौरस मीटरला 500 किलो भार धरायचा, असा नियम आहे. आमची एक लेव्हल, म्हणजे मंचाचा एक सुटा चौथरा, 4 बाय 4 फुटांची. तिच्या वाट्याला साधारण 750 किलो येतात. खाली चौकोनी पाइपची चौकट, वर 18 मिलिमीटरचा प्लाय, आणि पाय वेगळे. पाय एक, दोन, तीन फुटांचे, चौकटीच्या कोपऱ्यातल्या नळीत बसणारे. लेव्हल तीच, पाय बदलले की पायरी होते, ओटा होतो, तट होतो. वजन पेलणं त्यातलं सोपं काम. अवघड असतं ते आडवं हलणं. सहा मावळे एकाच बाजूला धावत गेले की मंच त्या दिशेला झुकू पाहतो. त्यासाठी दर दोन लेव्हलमागे तिरपा आधार हवाच, आणि तो घाईत विसरला जाऊ नये म्हणून आम्ही त्याला लाल रंग देतो. लाल पाइप खाली पडलेला दिसला, तर मुलांना वर चढू द्यायचं नाही.

आमच्याकडचे मिस्त्री कमी बोलणारे. पहिल्यांदा मी त्यांना बुरुजाचं चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही. विचारलं, “साहेब, हे टेम्पोत कसं जाणार?” आता माझी सुरुवात तिथूनच होते. टेम्पोच्या हौद्याची लांबी, गोदामाच्या दाराची उंची, दोन माणसांना वळणाच्या जिन्यावरून नेता येईल एवढी रुंदी, ही तीन मापं आधी कागदावर येतात आणि मग बुरूज. प्लायचा ताव 8 बाय 4 फुटांचा येतो. त्याला मध्ये कापून वाया घालवण्याऐवजी सगळा देखावा चार आणि दोन फुटांच्या पटीत बसवायचा. गोल बुरूजसुद्धा दोन-दोन फुटांच्या उभ्या फळ्यांचा होतो. सात-आठ फळ्या कोनात लावल्या की रस्त्यावरच्या माणसाला तो गोलच दिसतो. उरलेलं काम रंगातल्या सावल्या करतात.

दोन फळ्या जोडायला आम्ही वापरतो ती बिजागरी दाराचीच, फक्त तिची मधली पिन काढता येते. अर्धी बिजागरी या फळीला, अर्धी त्या फळीला. दोन्ही जवळ आणायच्या, कड्या एकात एक बसवायच्या आणि वरून जाड तार सोडायची. तारेचं वरचं टोक वाकवलेलं, म्हणजे बोटाने ओढता येतं. उतरवताना तार उपसली की फळ्या सुट्या. ना हातोडा, ना आवाज. जिथे वजन येतं तिथे बोल्ट, पण सगळीकडे एकाच मापाचा, 10 मिलिमीटरचा. कमरेला 17 नंबरचा एक पाना लावलेला माणूस पूर्ण मंच उभा करू शकतो. पूर्वी आमच्याकडे चार प्रकारचे बोल्ट असत आणि अर्धी रात्र पाना शोधण्यात जाई.

कुठली फळी कुठे हा प्रश्न मिस्त्रींनी सोडवला. मी क्रमांक घालत होतो. पण मांडवाच्या कामाला येणाऱ्यांत कोणी बंगालचं असतं, कोणी उत्तर प्रदेशचं, कोणी बीडचं. अक्षरं सगळ्यांना सारखी वाचता येत नाहीत, आणि रात्री फळीच्या पाठीवरचा आकडा दिसतही नाही. मिस्त्रींनी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही कडांवर एकच चिन्ह काढलं: मासा, कमळ, स्वस्तिक, चंद्र, कोयरी. माशाला मासा लावायचा, कोयरीला कोयरी. आता नवखा पोरगाही न विचारता भिंत उभी करतो. मासा उलटा दिसला तर फळी उलटी धरली आहे, एवढंही त्यातून कळतं.

भाद्रपद म्हणजे पाऊस. पुन्हा वापरायच्या मालाचा खरा शत्रू तोच. प्लाय वरून पाणी पीत नाही, कडेतून पितो. एकदा कड फुगली की थर सुटतात आणि फळी कायमची गेली. म्हणून आमच्याकडे प्रत्येक फळीच्या चारही कडांना आधी तेलरंगाचे दोन हात, मग समोरच्या बाजूचं रंगकाम. खालची कड जमिनीला टेकू द्यायची नाही. चौकटीचे पाय इंचभर खाली काढायचे. मांजरपाटाचे फ्लॅट फक्त पत्र्याच्या आतल्या बाजूला. आणि कापडाची भिंत रस्त्याच्या कडेला एकसंध लावायची नाही, कारण वारा आला की तिचं शीड होतं आणि ती अख्खा सांगाडा ओढते. मध्ये हातभर फटी ठेवल्या तर वारा निघून जातो, शिवाय आतून सोडलेला उजेड त्या फटींतून सुंदर दिसतो.

बांबूचं काम मात्र मी शिकवू गेलो नाही, शिकलो. जुना मांडववाला बांबू कधी कापत नाही. बारा फूट उंची हवी असली आणि बांबू अठरा फुटांचा असला, तर उरलेले सहा फूट वर तसेच सोडून देतो किंवा दुसऱ्या बांबूवर चढवून बांधतो. मला सुरुवातीला ती टोकं ओबडधोबड वाटायची. मग लक्षात आलं, की कापलेला बांबू पुढच्या वर्षी फक्त बाराच फुटांच्या कामाला येतो. न कापलेला कुठेही जातो. आता मी ती वर आलेली टोकं आराखड्यातच धरतो; त्यांना पताका बांधतो, दिवे लावतो. सुंभ भिजवून बांधायचा, म्हणजे तो नीट वळतो आणि वाळल्यावर धरून ठेवतो. उतरवताना कोयत्याने कापण्याऐवजी गाठ सोडायची. गाठ सुटावी म्हणून शेवटचं टोक मोकळं ठेवायचं, हेही त्या माणसांनीच दाखवलं.

मग खड्डे. वासापूजन झालं की डांबर फोडून वासे गाडायची पद्धत. 2025 मध्ये मुंबई महापालिकेने मांडवासाठी खणलेल्या प्रत्येक खड्ड्याला 15 हजार रुपये दंड जाहीर केला आणि मंडळांनी विरोध केल्यावर तो पुन्हा 2 हजारांवर आणला. दंड किती असावा यावर वाद होऊ शकतो. पण खड्डा टाळता येतो, हे मी खात्रीने सांगतो. बारा ते पंधरा फुटांपर्यंतच्या सांगाड्याला पाइपचा रुंद पाया द्यायचा आणि त्यावर पाण्याने भरलेले 200 लिटरचे पिंप ठेवायचे. प्रत्येक पिंप म्हणजे 200 किलो वजन. येताना रिकामं येतं, जाताना रिकामं जातं, आणि पाणी जवळच्या झाडांना घालता येतं. पिंपांना गोणपाट गुंडाळून चुना-काव लावला की तटाचे चिरे होतात. त्याहून उंच काम असेल तर अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावा. गर्दीच्या डोक्यावर उभ्या असलेल्या गोष्टीत अंदाज चालत नाही.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडतो तेव्हा एक प्रश्न दर वेळी येतो. अध्यक्षांनी एकदा सरळच विचारला, “दादा, सगळं बरोबर आहे तुमचं. पण लोक म्हणतील, हे तर गेल्या वर्षीचंच आहे.” प्रश्न खरा आहे. वर्गणी देणाऱ्याला यंदा काय नवं हे पाहायचं असतं, आणि तो त्याचा हक्क आहे. मी त्यांना म्हटलं, आपला बाप्पा दर वर्षी तोच असतो, त्याला कोणी जुना म्हणतं का? पुण्यातल्या अनेक मंडळांची मोठी मूर्ती कायमची असते. पूजेची लहान मूर्ती विसर्जित होते. भाऊसाहेब रंगारींच्या मंडळाची राक्षसाचं पारिपत्य करणारी मूर्ती लाकूड आणि भुशाची, 1892 पासूनची, आणि ती आजही त्याच श्रद्धेने बसते. ज्या उत्सवात देव पुन्हा पुन्हा तोच, तिथे त्याच्या मागची फळी तीच असायला काय हरकत आहे?

तरीही फक्त युक्तिवादाने भागत नाही, नवं दिसायलाच हवं. ते आम्ही तीन गोष्टींत शोधतो: उंचीत, कापडात आणि उजेडात. ज्या फळ्यांचा गेल्या वर्षी बुरूज झाला, त्याच आडव्या रचून यंदा चंद्रभागेचा घाट झाला. दगडाचा करडा रंग दोन्हीकडे चालला. घाटावर फक्त खालच्या पायऱ्यांना ओल दाखवली. मागच्या निळ्या पडद्यावर पहाटेचा उजेड टाकला की वाळवंट, संध्याकाळचा टाकला की रणभूमी. एलईडी आल्यापासून हे सोपं झालं, कारण पूर्वीचे हॅलोजन इतके तापत की कापड आणि कागद जवळ ठेवायची भीती वाटे. घाटाच्या देखाव्याला आदल्या वर्षी मावळा झालेली मुलंच वारकरी होती. त्यांच्यापैकी एकीने पायरीखाली वाकून मासा शोधला आणि हा आपल्याच बुरुजाचा तुकडा आहे म्हणून मैत्रिणींना दाखवला. बाहेरच्या कोणालाही ते कळलं नव्हतं.

पैशाचं गणित लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी हे महाग पडतं. पाइप, बिजागऱ्या, चांगला प्लाय, कडांचा रंग यांचा खर्च एकदम येतो आणि ठोकून मोडायच्या देखाव्यापेक्षा तो जास्तच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फरक दिसू लागतो. पण त्या मधल्या अकरा-साडेअकरा महिन्यांत माल ठेवायचा कुठे? पेठेत मंडळाला बसायला खोली मिळताना मारामार, तिथे गोदाम कुठून येणार? माझ्या अनुभवात चांगल्या इच्छेने केलेले मंच वाया गेले ते या एकाच कारणाने. एका मंडळाने सुंदर बिजागरीचे फ्लॅट करून घेतले, जागा नाही म्हणून गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवले, आणि पुढच्या पावसापर्यंत त्यांचा लगदा झाला. पर्यावरणपूरक सजावटीला बक्षिसं द्यायला बऱ्याच संस्था पुढे येतात. त्या बक्षिसाच्या रकमेत चार मंडळांना मिळून एक कोरडी शेड भाड्याने मिळाली, तर त्याने कितीतरी जास्त काम होईल. गणेशोत्सव आता महाराष्ट्राचा राज्य महोत्सव आहे. 2025 मध्ये सरकारने तसं जाहीर केलं. राज्याच्या महोत्सवाचा माल ठेवायला प्रत्येक वॉर्डात एक पत्र्याची शेड असावी, ही मागणी मला मोठी वाटत नाही.

तोवर आम्ही जागेचा प्रश्न माल हलता ठेवून सोडवतो. गणपतीत बुरूज, नवरात्रात त्याच लेव्हलवर भोंडल्याचा ओटा, दिवाळी पहाटेला गवयाची बैठक. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं असतात; त्यांना फक्त लेव्हल आणि काळे फ्लॅट लागतात. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीला बुरूज पुन्हा बुरूज होतो. चैत्रात आसपासच्या गावांच्या यात्रा. त्यामुळे माल गोदामात पडून राहतो तो उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाची सुरुवात, आणि तेवढ्यासाठी एका कार्यकर्त्याच्या भावाची रिकामी पोल्ट्री शेड पुरते. फिरता माल खराबही कमी होतो, कारण दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणाचा तरी हात त्यावरून फिरतो आणि सैल बोल्ट तेव्हाच घट्ट होतो.

दुरुस्ती ज्येष्ठात. फाटलेला मांजरपाट उतरवायचा, कडांना पुन्हा रंग, गंजलेल्या बिजागऱ्या रॉकेलमध्ये, वाकलेल्या तारा सरळ. चिन्हं पुसट झाली असतील तर मिस्त्री ती स्वतः गिरवतात, दुसऱ्या कोणाला देत नाहीत. यंदा शेजारच्या चौकातल्या मंडळाने आमच्या अर्ध्या लेव्हल मागितल्या आहेत. त्यांचा रस्ता उताराचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड फुटाचा फरक पडतो, आणि आमचे पाय सगळे पूर्ण फुटांचे. मिस्त्री पाण्याची नळी घेऊन उतार मोजून आले आहेत. अर्ध्या फुटाचे सोळा पाय नवे करायचे ठरलं आहे. त्यांचा खर्च ते मंडळ देणार आणि उत्सवानंतर ते पाय आमच्या मालात जमा होणार.